मूठभर पीठ आणि शेजारची शाळा



राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात सारफथ गावच्या एका विधवेची कथा येते. देशात दुष्काळ पडलेला. ओढा आटला म्हणून संदेष्टा एलिया सीदोनच्या मुलुखात, परक्या गावात येतो. वेशीजवळ ही बाई काटक्या गोळा करताना त्याला दिसते. तो तिच्याकडे पाणी मागतो, मग भाकरीचा तुकडा मागतो. तिच्या घरी मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडेसे तेल एवढेच उरले आहे. त्याची शेवटची भाकर करून ती आणि तिचा मुलगा खाणार आणि मग मरणाची वाट पाहणार, असे ती त्याला सांगते. तरीही ती त्या परक्या माणसासाठी आधी भाकर करते, आणि पुढे पाऊस येईपर्यंत मडक्यातले पीठ संपत नाही, कुपीतले तेल आटत नाही.

ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. देवाने त्या बाईच्या घरी पिठाची पोती पाठवली नाहीत. मडके एकदाही काठोकाठ भरले असे पवित्र शास्त्र सांगत नाही. मडके फक्त रिकामे झाले नाही. रोज सकाळी तिने हात घातला आणि रोज मूठभर पीठ हाताला लागले. चमत्कार होता तो रोजच्या मुठीचा.

आज या कथेच्या आधाराने आपल्या शेजारच्या शाळांविषयी थोडे बोलावे असे वाटते.

वह्यांचा कार्यक्रम

आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. काही वर्षांपूर्वी अशाच शाळा उघडण्याच्या दिवसांत आपण वर्गणी जमवली, नागपूरहून घाऊक भावात वह्या आणल्या आणि तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत वाटायला गेलो. फलक लावला. भाषणे झाली. आम्हीही बोललो, आणि गरजेपेक्षा जरा जास्तच बोललो. मुले तासभर ओळीत बसून होती. नंतर एकेक मूल पुढे आले, वही घेतली, फोटोकडे बघितले आणि परत जाऊन बसले.

निघताना मुख्याध्यापिका बाई फाटकापर्यंत सोडायला आल्या. अगदी आदराने म्हणाल्या, "फादर, राग मानू नका. वह्या दरवर्षी कोणी ना कोणी देतं. या वर्षी तुम्ही तिसरे. पण चौथीतल्या पोरानं धडा वाचला तर तो ऐकून घ्यायला आमच्याकडे माणूस नाही. आम्ही दोघी आणि वर्ग चार. तुमच्यातलं कोणी आठवड्यातून एकदा येऊन नुसतं ऐकून घेईल का?"

आम्ही "बघू, बाई" म्हणालो आणि गाडीत बसलो. ते "बघू" पुढे दीड वर्ष तसेच राहिले. बंधू-भगिनींनो, हा दोष त्या शाळेचा नाही, आपल्या लोकांचाही नाही. तो आमचा आहे, आणि आज तो आपल्यापुढे मांडल्याशिवाय पुढचे बोलणे प्रामाणिक होणार नाही.

बाई काही जगावेगळे सांगत नव्हत्या. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच असे आहे की पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक. म्हणजे सर्व काही नियमाप्रमाणे असले तरी एका शिक्षिकेसमोर एकाच वेळी दोन-तीन इयत्ता बसतात. एका इयत्तेला गणित सांगायचे तर दुसरीला फळ्यावरचे उतरवून घ्यायला लावायचे. त्यात जनगणना, निवडणूक आणि आपत्तीची कामे त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकांवर येतात. एक जण त्या कामावर गेला की राहिलेल्या एकावर सगळी शाळा. अशा वेळी प्रत्येक मुलाजवळ दहा मिनिटे बसून त्याचे वाचन ऐकणे कितीही कळकळीच्या शिक्षकाला जमणार नाही.

आणि आपल्या भागाचे आणखी एक आहे. एमआयडीसीत कामाला आलेल्या कुटुंबांतील कित्येक मुले घरी हिंदी किंवा दुसरी एखादी बोली बोलतात आणि शाळेत मराठी पुस्तक उघडतात. कापूस वेचणीच्या दिवसांत काही मुले आईबरोबर शेतात जातात. महिनाभराने परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. त्यांना मागचे कोण सांगणार? वही त्यांना मागचे सांगू शकत नाही. त्यासाठी माणूस लागतो.

मूठ ही आपल्या मातीतली गोष्ट आहे

मूठभर धान्यावर शाळा उभी राहते, हे महाराष्ट्राला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सर्व जातिधर्मांची गरीब मुले एकाच वसतिगृहात राहत, एका पंगतीत जेवत. त्यांच्या जेवणाची सोय कशी व्हायची? मुष्टिफंड हा त्यातील एक मार्ग होता. घरातील बाईने रोज स्वयंपाकाला धान्य काढताना एक मूठ वेगळी काढून ठेवायची आणि ते धान्य वसतिगृहातील मुलांसाठी द्यायचे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी तर मुलांच्या पोटासाठी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रदेखील मोडले, हे आपण शाळेच्या पुस्तकांतून ऐकले आहे. पण ज्या हजारो बायांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत, त्यांच्या रोजच्या मुठीशिवायही ते काम चालले नसते.

आपल्या वऱ्हाडातले संत गाडगेबाबा स्वतः शाळेत गेले नव्हते. पण गावोगावी हातात खराटा घेऊन फिरताना ते लोकांना बजावत असत की खाण्याच्या भांड्यावाचून, चांगल्या लुगड्यावाचून भागवा, पण पोराला शाळेत घाला. ज्याला स्वतःला अक्षर मिळाले नाही त्याने दुसऱ्याच्या मुलाच्या अक्षरासाठी आयुष्य वेचले. आपल्यातील जे म्हणतात, "फादर, आम्ही सातवी नापास, आम्ही शाळेत जाऊन काय करणार?", त्यांनी गाडगेबाबांची आठवण ठेवावी.

पवित्र ख्रिस्तसभेच्या इतिहासातही हेच दिसते. रोममध्ये १५९७ साली फादर जोसेफ कॅलासांझ यांनी त्रास्तेवेरे या गरीब वस्तीत संत डोरोथी चर्चच्या आवारात मोफत शाळा उघडली. फी भरू न शकणाऱ्या मुलांसाठी युरोपात उघडलेली ती पहिल्या शाळांपैकी एक होती. ती शाळा धर्मग्रामाच्या साध्या खोल्यांत भरत होती. त्या खोल्या मुलांना मिळाल्या, एवढ्यावर सुरुवात झाली. पुढे त्यांना संतपद मिळाले आणि २५ ऑगस्टला आपण त्यांचा सण पाळतो.

आपल्या नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ मध्ये शाळा सुरू केली. ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, आपल्या पंथाचे नव्हते. त्यांच्या नावाच्या हिस्लॉप कॉलेजात पुढे क्रीडा विभागात विजय बारसे हे प्राध्यापक होते. एका पावसाळ्यात झोपडपट्टीतील मुले तुटकी बादली फुटबॉलसारखी लाथाडत खेळताना त्यांनी पाहिली, आणि त्यांनी त्या मुलांना खरा चेंडू दिला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. ते परत परत त्या मुलांत गेले. त्यातून २००१ मध्ये स्लम सॉकर हे काम उभे राहिले, आणि २०२२ मध्ये त्यावर ‘झुंड’ हा चित्रपट आला तेव्हा सगळ्या देशाला ते कळले. चेंडू देणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर येणारा विरळा.

पण ती शाळा आपली आहे का?

आता थोडे अवघड बोलू. आपल्यातील बहुतेकांची मुले इंग्रजी माध्यमाच्या किंवा मिशनच्या शाळांत जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत आपले मूल नाही, मग तिथे आपण कशाला, असा विचार मनात येतो. मोठ्याने कोणी बोलत नाही, पण येतो.

सारफथची विधवा कोण होती, हे येथे आठवावे. ती इस्राएलची नव्हती. नाझरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने मुद्दाम याच बाईचे उदाहरण दिले, हे लूकलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आहे. इस्राएलात पुष्कळ विधवा असताना एलियाला परक्या मुलुखातील विधवेकडे पाठवले गेले, असे प्रभूने सांगितले, आणि ते ऐकून त्याच्याच गावचे लोक इतके संतापले की त्याला कड्यावरून ढकलायला निघाले. आपली मूठ आपल्याच लोकांसाठी, ही भावना तेव्हाही इतकीच घट्ट होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर एक घोषणापत्र प्रसिद्ध केले. त्याला २०२५ मध्ये साठ वर्षे झाली. त्यात कॅथलिक शाळांविषयी जेवढे आग्रहाने लिहिले आहे, तेवढेच आग्रहाने हेही लिहिले आहे की जी पुष्कळ मुले कॅथलिक नसलेल्या शाळांत शिकतात, त्यांच्यापाशी ख्रिस्तसभेने विशेष मायेने आणि मदतीने उभे राहावे. तेथे शब्द मायेचा आहे, उपकाराचा नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये जागतिक शैक्षणिक कराराची हाक दिली तेव्हा एका आफ्रिकी म्हणीचा आधार घेतला होता. तिचा भाव असा की एक मूल घडवायचे तर सगळे गाव लागते. गाव म्हटले की त्यात आपण आलोच.

कायद्याचीही एक बाजू आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांना पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवायला सांगितल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, असा निर्णय दिला. त्या निर्णयाचा पुनर्विचार व्हावा, असे मत २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने मांडले आहे. राज्यघटनेने अल्पसंख्याकांना दिलेले हक्क मोलाचे आहेत आणि ते आपण जपलेच पाहिजेत. परंतु एक प्रश्न आपण स्वतःला विचारू. न्यायालयाने सूट दिली म्हणून शुभवर्तमानानेही सूट दिली का? ज्या मुलासाठी आपल्या शाळेचे दार कायद्याने उघडावे लागत नाही, त्याच्या शाळेच्या दारापर्यंत आपण पायी जाऊ शकतो की नाही?

लोक काय म्हणतील

दुसरी भीती अधिक खरी आहे. "फादर, आजकाल दिवस कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. आपण शाळेत गेलो तर लोक म्हणतील, हे धर्मांतराला आले." धर्मग्रामाच्या सभेत एका काकांनी हे बोलून दाखवले, ते बरे केले. मनात ठेवण्यापेक्षा बोललेले चांगले.

याचे उत्तर घाबरून घरी बसणे हे नाही, आणि छाती काढून वाद घालणे हेही नाही. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. हा नियम आपण मनापासून पाळायचा. शाळेत जाताना पत्रक नाही, पदक नाही, गाणी शिकवायची तर भक्तिगीत नाही. मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घ्यायची आणि शाळा व्यवस्थापन समितीला आधी सांगायचे. आपण काय करतो ते खिडकीतून कोणीही पाहावे असे उघडे असावे. एलियाने त्या विधवेकडे भाकर मागितली तेव्हा तिला आपला देव बदलायला सांगितले नव्हते. तो तिच्या घरी राहिला, तिची भाकर खाल्ली आणि तिच्या मुलाच्या दुखण्यात तिच्याजवळ उभा राहिला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्ही पाठ केला होता, पण तो समजला मात्र उशिरा. ते शिक्षकाची तुलना वैद्याशी करतात. वैद्य रोग्याच्या अंगात आरोग्य ओतत नाही. बरे होण्याची शक्ती रोग्याच्या शरीरातच असते, वैद्य तिला हात देतो. तसेच शिक्षक मुलाच्या डोक्यात ज्ञान ओतत नाही. समजून घेण्याची शक्ती देवाने मुलाला आधीच दिलेली आहे, शिक्षक तिला मदत करतो. हे खरे असेल तर शेजारच्या शाळेत जाताना आपण काही ओतायला जात नाही. जे तिथे आहे त्याला हात द्यायला जातो. म्हणून आपल्याला विद्वान असण्याची गरज नाही, आणि कोणाला आपली भीती वाटण्याचेही कारण नाही.

आपली मूठ कोणती?

शासनाने २०२४ पासून पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम सुरू केला आहे. त्या दिवशी दप्तराचे ओझे बाजूला ठेवून खेळ, गाणी, गोष्टी, हस्तकला, आरोग्य अशा गोष्टी व्हाव्यात अशी त्यामागची कल्पना. पण दोन शिक्षकांनी चार वर्गांना हे सगळे कसे करावे? येथे गावाची मूठ लागते. ती कोणती असू शकते, हे पाहू.

कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर दोन बॅटऱ्या, एक तार आणि एक छोटा दिवा घेऊन वीज कशी वाहते ते दाखवू शकतो. शिवणकाम येणाऱ्या ताई सुईत दोरा ओवायला आणि बटण लावायला शिकवू शकतात, मुलींना आणि मुलांनाही. ज्यांच्या घरी संत्र्याची बाग आहे, ते शाळेच्या परसबागेत येऊन कलम कसे बांधतात ते सांगू शकतात. तरुण मुले फुटबॉल घेऊन जाऊ शकतात. आजी गोष्ट सांगू शकते. आणि ज्यांना यातले काहीच येत नाही, ते एका मुलाजवळ बसून त्याचा धडा ऐकू शकतात. बाईंनी आमच्याकडे पहिल्यांदा तेच मागितले होते.

ज्यांची मुले सरकारी शाळेत आहेत अशीही काही कुटुंबे आपल्या धर्मग्रामात आहेत. त्यांना आमचे विशेष सांगणे. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार त्या समितीला आहे. समितीच्या बैठकीला नुसती सही करून परत येऊ नका. बसा, विचारा, बोला. गरिबाच्या शाळेत गरिबाचा आवाज असावा म्हणूनच ती समिती आहे.

मात्र तीन गोष्टी कडकपणे पाळायच्या आहेत. पहिली, वर्ग शिक्षकांचा आहे. आपण पाहुणे आहोत, त्या सांगतील तेच करायचे. दुसरी, कोणत्याही मुलाबरोबर एकट्याने, बंद खोलीत राहायचे नाही. नेहमी दोघे मिळून जायचे आणि शिक्षकांच्या नजरेसमोर बसायचे. लहान मुलांच्या सुरक्षिततेबाबत ख्रिस्तसभेने जगभर चुका केल्या आणि त्यांची फार मोठी किंमत मुलांना द्यावी लागली. ते विसरून चालणार नाही. तिसरी, फोटो नाही, फलक नाही.

आणि एक विनंती. झेपेल तेवढेच कबूल करा. मूल वाट पाहते. आपण दोन शनिवार गेलो आणि तिसऱ्या शनिवारी लग्नाला गेलो, तर आपल्यासाठी तो एक शनिवार असतो. ज्याचे वडील कामासाठी सतत बाहेरगावी असतात, त्या मुलासाठी तो आणखी एक न आलेला मोठा माणूस असतो. महिन्यातून एकच शनिवार जमत असेल तर एकच सांगा, पण तो पाळा.

दीड वर्षाने आम्ही पुन्हा त्या शाळेत गेलो. या वेळी वह्या नव्हत्या, भाषण नव्हते. बाईंनी चौथीतल्या एका मुलाला आमच्याजवळ बसवले. त्याने एक परिच्छेद वाचायला पुष्कळ वेळ घेतला. जोडाक्षर आले की तो थांबायचा, वर बघायचा, आम्ही मान हलवली की पुढे जायचा. शेवटी पुस्तक मिटून त्याने विचारले, "पुढच्या शनिवारी येता का?" या वेळी आम्हाला "बघू" म्हणता आले नाही.

आज मिस्सानंतर चर्चच्या दाराशी एक वही ठेवलेली असेल. तिच्यात रक्कम लिहायची नाही. आपले नाव, आपला वार आणि आपल्याजवळ कोणती मूठ आहे एवढेच लिहायचे. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही, त्यांनी घरच्यांकडून नाव लिहून घ्यावे आणि त्या वाराला सकाळी त्या शाळेतील मुलांसाठी व शिक्षकांसाठी एक प्रार्थना म्हणावी. तीही मूठच आहे.

हे प्रभो, सारफथच्या त्या माउलीने तुझ्या शब्दावर विसंबून शेवटचे पीठ मळले. आमच्याजवळ त्याहून पुष्कळ आहे, तरी आमचा हात मडक्यात जाताना कचरतो. आमच्या गावातील प्रत्येक शाळा, तेथील प्रत्येक मूल आणि त्यांच्यासाठी झटणाऱ्या सर्व शिक्षकांना तुझा आशीर्वाद दे. आम्हाला मोठे काही करायची हाव नको. रोजची मूठ काढण्याची बुद्धी दे, आणि पाऊस येईपर्यंत ती न थकता काढण्याचे बळ दे. आमेन.

आपला ख्रिस्ताठायी,
धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू